प्रेसची पीडीएफ म्हणजे डिजिटल अंक नव्हे

ट्रेकिंग क्लब, पक्षिनिरीक्षक मंडळं, तिकीटसंग्राहक, बागप्रेमी, विमानांची मॉडेल्स उडवणारे… अशा छांदिष्टांच्या संस्थांची त्रैमासिकं आणि वार्षिकांक छपाईतून मोबाइलवर नेण्याबद्दल आलेल्या पत्रांतली काही या वेळी घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: आमच्या गिर्यारोहण संस्थेचं त्रैमासिक ए-४ आकारात, दोन स्तंभांत निघतं. छपाई आणि टपाल परवडेना म्हणून गेले दोन अंक प्रेसकडची पीडीएफच व्हॉट्सॲपवर टाकली. फाईल ९० एमबीची आहे. सभासद म्हणतात, उघडायला वेळ लागतो आणि वाचवत नाही. फाईल लहान कशी करायची? (संपादक मंडळातील एक सदस्य, नाशिक)

उत्तर: फाईल लहान होईल, पण ‘वाचवत नाही’ ही तक्रार तशीच राहील. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद असतो, फोनचा पडदा उभा धरला तर साधारण ६५ ते ७० मिलिमीटर. पान एक-तृतीयांश होतं आणि तुमचा ११ पॉइंटचा मजकूर साडेतीन पॉइंटचा दिसतो. मग वाचक पान मोठं करतो, पहिला स्तंभ वाचत खाली जातो, दुसऱ्या स्तंभासाठी पुन्हा वर येतो. तिसऱ्या पानाला तो अंक बंद करतो. त्यात त्याची चूक नाही.

फोनसाठी मांडणी वेगळी करावी लागते. पानाचा आकार ९० बाय १६० मिलिमीटर ठेवा, स्तंभ एकच, समास ६ मिलिमीटर, मजकूर १४ पॉइंट, दोन ओळींतलं अंतर २१ पॉइंट. फोनवर हे अक्षर साडेदहा पॉइंटच्या आसपास दिसतं, म्हणजे छापील पुस्तकाइतकं. मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवू नका. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं जोडून शब्द लांब होतात, अरुंद स्तंभात एका ओळीत तीन-चारच मावतात, आणि ताणलं की मध्ये खिंडारं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी, हेच बरं. या आकारात २४ पानी अंकाची पानं कितीतरी पटींनी वाढतील. होऊ द्या, इथे कागदाचं बिल येत नाही. फक्त अनुक्रमणिकेतल्या प्रत्येक नावाला त्या त्या पानाची लिंक द्यायला विसरू नका.

आता फाईलच्या वजनाबद्दल. प्रेसची फाईल छपाईसाठी बनलेली असते: चित्रं ३०० पीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) आणि चार शाईंच्या रंगपद्धतीत, भोवती ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) आणि कापायच्या खुणा. फॉन्टची भानगड नको म्हणून अनेक प्रेसवाले सगळा मजकूर ‘कर्व्ह’ करून घेतात, म्हणजे अक्षरांची नुसती रेखाचित्रं उरतात. अशा फाईलमध्ये शब्द शोधता येत नाही, अंधांसाठीचं वाचक-सॉफ्टवेअर ती वाचू शकत नाही, आणि वजन वाढतं ते वेगळंच. डीटीपीवाल्याकडून कर्व्ह करण्याआधीची मूळ फाईल आणि चित्रांचं फोल्डर मागून घ्या. हे मागायला संकोच वाटतो असं बरेच जण कळवतात. पण पैसे तुम्ही दिले आहेत आणि मजकूर तुमचा आहे.

चित्रं पडद्याच्या आरजीबी रंगांत, १५० पीपीआयवर आणा. जेपेगचा दर्जा ७५ ते ८० पुरे. आधीच्या पीडीएफवरच काम भागवायचं असेल तर घोस्टस्क्रिप्ट या मोफत साधनातलं ‘ईबुक’ सेटिंग चित्रं १५० वर आणतं. ‘स्क्रीन’ सेटिंग ७२ वर नेतं. फोटोंना ते कसंबसं चालेल, पण नकाशावरच्या वाड्यांची आणि पाणवठ्यांची नावं पुसली जातील, आणि ट्रेकिंगच्या अंकात नेमकी तीच लागतात. मुळात नकाशा जेपेग करूच नये. रेषांचा नकाशा रेषांचाच ठेवला तर तो हलकाही होतो आणि कितीही मोठा करून बघता येतो.

प्रश्न: १९९८ ते २०१५ चे अंक पेजमेकर या जुन्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. मजकूर उचलून वर्डमध्ये टाकला की इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. पुन्हा टाइप करायचं का? (पक्षिनिरीक्षक मंडळ, सांगली)

उत्तर: पुन्हा टाइप करू नका. त्या काळच्या श्रीलिपी, आकृती, शिवाजी वगैरे फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट काढून घेतला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मजकूर शाबूत आहे, फक्त तो युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीत) नाही.

पेजमेकर ७ ही त्याची शेवटची आवृत्ती. त्या फाईली इनडिझाईन या मांडणीच्या नव्या सॉफ्टवेअरच्या सीएस-६ पर्यंतच्या आवृत्त्यांत उघडतात, नंतरच्या सीसी आवृत्त्यांत उघडत नाहीत. जुना संगणक जिवंत आहे तोवर हे काम उरकून घ्या. प्रत्येक लेख आरटीएफ म्हणून बाहेर काढा, साध्या टेक्स्टमध्ये नको. आरटीएफमध्ये कोणत्या शब्दाला कोणता फॉन्ट होता याची नोंद टिकते. ती गेली, तर पक्ष्यांची शास्त्रीय नावंही मराठी समजून रूपांतरित होतात आणि ‘कॉप्सिकस’चं काय होतं ते ओळखता येत नाही.

त्यानंतर फॉन्टचं पूर्ण नाव बघून रूपांतरक निवडा. एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्ये अक्षरांच्या जागा वेगळ्या असू शकतात, त्यामुळे नुसतं ‘श्रीलिपी होतं’ एवढ्यावर भागत नाही. आधी एका पानावर करून पाहा.

रूपांतर झाल्यावर चुका ठरावीक जागी सापडतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. म्हणून ‘स्थिती’, ‘व्यक्तिमत्त्व’ अशा जोडाक्षरांत वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. रफाराचं उलट होतं: तो जुन्यात नंतर, नव्यात आधी. फाईलमध्ये मोकळ्या जागेनंतर लगेच येणारी वेलांटी शोधा. जिथे सापडेल तिथे काहीतरी बिघडलेलं आहेच. दुसरी फसवी चूक म्हणजे ‘अ’ला काना जोडून झालेला ‘आ’ आणि काना अधिक मात्रा जोडून झालेला ‘ओ’कार. डोळ्यांना ते बरोबर दिसतात, पण ‘आंबोली’ शोधलं की सापडत नाही. शोधा-बदला वापरून अंकभर एकदाच दुरुस्त करा.

‘दऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला र दोन पद्धतींनी लिहिला जातो: एकात नुक्ता (खाली टिंब) असलेला ऱ आणि हलंत (पाय मोडायचं चिन्ह), दुसऱ्यात साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखेच. पहिली पद्धत धरा आणि सगळीकडे तीच ठेवा. ‘ॲ’चंही तसंच: एकसंध अक्षर वापरा, ‘अ’वर चंद्र काढून बनवलेलं नको. शेवटी एक माणूस छापील अंक हातात घेऊन वाचेल आणि दुसरा पडद्यावर ताळा करेल, असं जुन्या पद्धतीचं मुद्रितशोधन व्हायलाच हवं. आकडे, तारखा आणि विशेषनामं यांत सगळ्यात जास्त चुका निघतात.

प्रश्न: नवे अंक आम्ही युनिकोडमध्येच करतो. तरी पीडीएफमधून परिच्छेद उचलून पाठवला की वेलांट्या विस्कटतात. आमचं काय चुकतंय? (वार्षिकांकाच्या डीटीपीकार, ठाणे)

उत्तर: बहुधा तुमचं काही चुकत नाही. पीडीएफ पानावरचे आकार साठवते, आणि देवनागरीत आकारांचा क्रम आणि अक्षरांचा क्रम एक नसतो. वेलांटी कागदावर आधी येते, जोडाक्षर हा एकच आकार असतो. उलट वाचताना सॉफ्टवेअर गोंधळतं. कोणत्या सॉफ्टवेअरने पीडीएफ बनवली यावर गोंधळ कमीजास्त होतो. प्रत्येक अंकाची एक ओळ उचलून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवून पाहण्याची सवय ठेवा.

म्हणूनच पीडीएफला मूळ प्रत मानू नये. मूळ प्रत म्हणजे लेखांच्या शुद्ध केलेल्या युनिकोड फाईली आणि मूळ आकाराची चित्रं. त्यातून छापील मांडणी, फोनची पीडीएफ, ई-पब (ई-पुस्तकाची फाईल) आणि संकेतस्थळावरचं पान असं सगळं निघतं. मुद्रितशोधनातल्या दुरुस्त्या थेट मांडणीत केल्या आणि मूळ फाईलमध्ये नेल्या नाहीत, तर दोन वर्षांनी कुणालाच कळत नाही खरी प्रत कोणती. हा रोग जवळजवळ प्रत्येक मंडळात आहे. उपाय एकच: शेवटचं वाचन संपेपर्यंत मजकूर मांडणीत घालायचा नाही.

मांडणीबद्दल दोन गोष्टी. इनडिझाईनमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडलेला हवा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. मोफत स्क्रायबस वापरत असाल तर १.६ किंवा पुढची आवृत्ती घ्या, १.४ ला देवनागरी जमत नाही. मजकुराची भाषा ‘मराठी’ म्हणून नोंदवा. ती हिंदी राहिली तर काही फॉन्ट ल आणि श हिंदी वळणाचे देतात आणि ज्येष्ठ सभासद ते लगेच हेरतात. ‘तिरो देवनागरी मराठी’, ‘मुक्त’, ‘नोटो सेरिफ देवनागरी’ हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, फाईलमध्ये जोडून पाठवायला अडचण नाही.

ई-पब जरूर करा. त्यात अक्षर वाचकाच्या चष्म्याप्रमाणे लहानमोठं होतं. सिजिल किंवा कॅलिबर या सॉफ्टवेअरमध्ये तयार होतं, फॉन्ट आत जोडायचा, आणि ई-पबचेक या साधनातून तपासून मगच पाठवायचं. तक्त्यांनी भरलेला अंक असेल तर मात्र ई-पबच्या नादी लागू नका; पाचसहा स्तंभांचा तक्ता फोनवर कडेला कापला जातो.

प्रश्न: आमच्या अंकात विमानांच्या मॉडेल्सचे आराखडे पूर्ण मापात, घडी घालून पुरवणी म्हणून येत. डिजिटल अंकात ते कसे द्यावेत? (एरोमॉडेलिंग गट, पुणे)

उत्तर: आराखडा अंकात बसवू नका, वेगळी फाईल द्या. रेषा व्हेक्टरच (ठिपक्यांचं चित्र न करता रेषा म्हणूनच) राहू द्या, सर्वात बारीक रेघ ०.२५ मिलिमीटर. एक पूर्ण शीट प्लॉटरवाल्या दुकानासाठी, आणि दुसरी फाईल ए-४ तुकड्यांची घरच्या प्रिंटरसाठी. घरचा प्रिंटर कागदाच्या कडेचे ४-५ मिलिमीटर छापत नाही, म्हणून तुकड्यांना १० मिलिमीटर आच्छादन आणि चारही कोपऱ्यांत जुळणीच्या फुल्या द्या, शिवाय प्रत्येक तुकड्यावर ओळ आणि रकान्याचा क्रमांक.

प्रत्येक पानावर १०० मिलिमीटरची एक आडवी आणि एक उभी पट्टी हवीच. प्रिंटरचं सॉफ्टवेअर आपणहून ‘पानात बसवा’ निवडतं आणि आराखडा तीन-चार टक्क्यांनी लहान करतं. हे डोळ्यांना कळत नाही. पंखाच्या फासळ्या कापून झाल्यावर त्या स्पारवर (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या काडीवर) बसेनात की कळतं. ‘प्रत्यक्ष माप’ निवडून छापा, पट्टी मोजा, मग बाल्साच्या लाकडाला हात लावा, असं तिथेच लिहा. दोन पट्ट्या यासाठी, की काही प्रिंटर कागद ओढण्याच्या दिशेने किंचित ताणतात.

क्रोशाच्या नमुन्यांबद्दल कोल्हापूरहून असाच प्रश्न आला आहे. तिथे मापापेक्षा चिन्हं महत्त्वाची. टाक्यांचा तक्ता फोनच्या रुंदीत २० चौकटींपेक्षा जास्त ठेवू नका, मोठा नमुना तोडून द्या.

प्रश्न: आमच्याकडे १९७० पासूनचे खिळ्यांवर छापलेले अंक आहेत. स्कॅन करायचे तर किती डीपीआय, आणि किती जागा लागेल? (तिकीटसंग्राहक मंडळ, नागपूर)

उत्तर: ३०० डीपीआय, ग्रेस्केल, तळटीपा फार बारीक असतील तर ४००. काळं-पांढरं स्कॅन करू नका, पिवळ्या कागदावर अनुस्वार आणि डाग यांतला फरक त्यात जातो. रंगीत मुखपृष्ठं आणि तिकिटांची चित्रं तेवढी रंगीत घ्या.

जागेचा हिशोब सोपा आहे. ए-४ पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचं, म्हणजे न आवळता सुमारे ८.७ एमबी. २४ पानांचा अंक साधारण २१० एमबी. वर्षाला ४ याप्रमाणे ४० वर्षांचे १६० अंक ३३-३४ जीबीत मावतात. एवढी जागा आता कुणाच्याही पेनड्राइव्हवर असते, तेव्हा मूळ टिफ फाईली पुसू नका.

मधल्या पिना गंजलेल्या असतील तर आतल्या मधल्या पानावर वळलेले त्यांचे पाय सरळ करून मग उपसा. ओढल्या तर कागद फाटतो. पातळ कागदातून मागची छपाई दिसत असेल तर पानाच्या मागे काळा कार्डपेपर ठेवून स्कॅन करा. युक्ती साधी आहे, पण मागच्या पानाची भुतं बरीच जातात. शिवलेले अंक सपाट काचेवर दाबू नका, वरून कॅमेऱ्याने घ्या.

स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर करायच्या (ओसीआर) कामात टेसरॅक्ट या मोफत सॉफ्टवेअरला मराठी येतं, गुगल ड्राइव्हलाही येतं. स्वच्छ छपाईचा मजकूर शोधण्यापुरता बरा निघतो. झिजलेले खिळे, तुटलेल्या मात्रा आणि किमतींचे तक्ते यांत दोन्ही अडखळतात. सगळं दुरुस्त करायला बसू नका. त्याऐवजी एका तक्त्यात वर्ष, अंक, पान, शीर्षक, लेखक आणि विषय एवढंच हाताने भरा. दोन माणसं रोज तासभर बसली तर हे काम आवाक्यातलं आहे, आणि जुने अंक चाळणाऱ्याला अर्धवट ओसीआरपेक्षा सूचीच जास्त उपयोगी पडते.

फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग पान, सगळं आकड्यांत आणि शून्य भरून: १९७४-०७-००३ असं. प्रत्यक्षात हे आकडे इंग्रजी घ्या, म्हणजे कोणत्याही संगणकावर क्रम बिघडत नाही. ‘नवीन अंक फायनल २’ हे नाव नव्हे.

प्रश्न: जुने लेख नेटवर टाकायला लेखकांची परवानगी लागते का? मानधन तर कधीच दिलं नव्हतं. (निसर्ग मंडळ, रत्नागिरी)

उत्तर: लागते. मानधन न देता हौसेने लिहून घेतलेल्या लेखाचा स्वामित्वहक्क, लेखी करार नसेल तर, लेखकाकडेच असतो. त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं वारसांकडे. १९५७ च्या कायद्यानुसार लेखी परवानगीत मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून यापुढे लेखासोबत एवढी ओळ सहीसकट घ्या: ‘माझा लेख व छायाचित्रे छापील, पीडीएफ, ई-पब आणि संकेतस्थळ या माध्यमांत, स्वामित्वहक्काची मुदत संपेपर्यंत, जगभर प्रसिद्ध करण्याची परवानगी मी संस्थेला देत आहे, इतरत्र प्रसिद्ध करण्याचा माझा हक्क कायम आहे.’ जुन्यांना पत्रं पाठवा. ‘हरकत असल्यास कळवावे’ अशी चौकट छापली म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांच्या लेखाचं नाव सूचीत ठेवा, लेख जाहीर टाकू नका.

निसर्ग मंडळांनी आणखी एक काळजी घ्यावी. जुन्या अंकांत घरट्यांच्या आणि दुर्मिळ आमरींच्या (ऑर्किडच्या) जागा अगदी झाडासकट दिलेल्या असतात. २०० प्रतींत ते खपून गेलं, नेटवर तो शिकाऱ्याला आणि चोराला दिलेला पत्ता ठरतो. सभासदांच्या याद्यांतले घरचे पत्ते आणि फोनही काढा. पीडीएफवर नुसती काळी चौकट ओढू नका: खालचा मजकूर तसाच राहतो आणि उचलून वाचता येतो. ‘रिडॅक्ट’ नावाचं साधन वापरा किंवा पानाचं चित्र करून त्यावर पुसा. नव्या फोटोंतली जीपीएसची नोंदही पाठवण्याआधी काढा.

प्रश्न: आजीव सभासदांनी छापील अंकाचे पैसे भरलेत. ते कागदच मागतात. (कोषाध्यक्ष, गुलाबप्रेमी संस्था, सोलापूर)

उत्तर: मग त्यांना कागद द्या. अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांच्या एआरआरएल या संघटनेने २०२४ पासून आपलं ‘क्यूएसटी’ मासिक सभासदत्वात डिजिटल ठेवलं आणि छापील प्रतीला वेगळे पैसे लावले. नव्या सभासदांसाठी हे ठीक आहे. ज्यांनी आधीच आजीव वर्गणी भरली आहे त्यांच्याबाबतीत मात्र संस्थेच्या घटनेत आणि जुन्या पावतीवर काय लिहिलंय ते पाहून सर्वसाधारण सभेत ठराव करा, कार्यकारिणीच्या बैठकीत उरकू नका.

खर्चाचं गणित असं. ऑफसेटवर चार रंगांत शीटच्या प्रत्येक बाजूला ४ प्लेटा लागतात. २४ पानांचे ८ पानी ३ फर्मे (एका शीटवर छापली जाणारी पानं म्हणजे एक फर्मा), दोन्ही बाजू वेगळ्या धरल्या तर २४ प्लेटा, मग प्रती ५० काढा की ५०००. म्हणून थोड्या प्रती ऑफसेटवर महाग पडतात. डिजिटल छपाईला प्लेट नाही, दर पानावर असतो. साधारण १००-२०० प्रतींच्या आत बहुतेक वेळा डिजिटल स्वस्त निघतं. दोन्हीकडून कोटेशन घ्याच. आतली पानं एका रंगात, ८० जीएसएम वजनाच्या कागदावर, मुखपृष्ठ तेवढं रंगीत. पिनेचं बाइंडिंग असेल तर पानं चारच्या पटीत ठेवा, नाहीतर शेवटी कोरी पानं जातात. छापील प्रतीसाठी फोनची मांडणी वापरू नका. १४ पॉइंटची अरुंद पानं कागदावर बालवाडीच्या पुस्तकासारखी दिसतात.

थोडक्यात काही उत्तरं

पानं उलटल्याचा आवाज करणारं फ्लिपबुक घ्यावं का, असं चौघांनी विचारलंय. घेऊ नका. फोनवर ते पुन्हा ए-४ पान लहान करूनच दाखवतं, आणि वार्षिक भाडं थांबलं की सगळे अंक गायब.

आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, छापील आणि ऑनलाइन आवृत्तीसाठी वेगळा घ्यावा लागतो. छापील अंकाचा क्रमांक पीडीएफवर तसाच चिकटवू नये.

अंक कसा पाठवायचा? साध्या जीमेलवरून २५ एमबीपेक्षा मोठी फाईल जोडता येत नाही आणि दिवसाला ५०० पत्त्यांची मर्यादा आहे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. फाईलऐवजी लिंक पाठवा. चूक सापडली तर लिंकमागची फाईल बदलता येते. फॉरवर्ड झालेली पीडीएफ परत बोलावता येत नाही.

संकेतस्थळाचं डोमेन (पत्त्याचं नाव) संस्थेच्या नावावर आणि ‘संपादक’ अशा पदाच्या ईमेलवर घ्या, चिटणिसांच्या खाजगी ईमेलवर नको, चिटणीस बदलतात. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी नोंदवता येतं. पासवर्ड बंद पाकिटात कोषाध्यक्षांकडे आणि आणखी एकाकडे. अंकांच्या तीन प्रती: एक संस्थेच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या सभासदाकडे, आणि परवानगी असलेले अंक इंटरनेट अर्काइव्हवर. हार्ड डिस्क वर्षातून एकदा लावून दोन-चार फाईली उघडून पाहा, कपाटात पडून राहिलेली डिस्क न सांगता बंद पडते.